रिपोर्टमधल्या शून्याचं काय करायचं?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश देते.

ताईंचं वय ४४. तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. घरी पती, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. सख्ख्या मावशी ५८व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. तेव्हापासून धास्ती बसलेली, म्हणून मागच्या आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत ताईंनी शहरात जाऊन मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घेतली. रिपोर्टच्या शेवटी तीन गोष्टी होत्या : स्तनांची घनता ‘सी’, बायरॅड्स ०, सोनोग्राफी करावी. शून्य पाहून त्यांना हायसं वाटलं. शून्य म्हणजे काही नाही, असं समजून फाईल कपाटात गेली. पुढे महिला दिनाच्या शिबिरात शरीराची उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी झाली, तिथे ‘नॉर्मल’ असा कागद मिळाला. आता एका सहकारी बाईंकडून कळलं की बायरॅड्स शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नसतो. मॅमोग्राफीला तोवर चौदा महिने झालेले. घरात तीन मतं आहेत. पती म्हणतात, पुण्याला जाऊन सरळ एमआरआय करू, एकदाच काय ते कळेल. जाऊबाई म्हणतात, त्या मशीनमध्ये दाबून आणि किरणं मारूनच कॅन्सर होतो. सासूबाईंचं म्हणणं, दुखत नाही खुपत नाही, मग उगाच कशाला उकरायचं? ताई विचारतात, “मला एकच खात्रीची तपासणी सांगा, ती मी करून मोकळी होईन. आणि हे चौदा महिने मी माझ्या हाताने वाया घालवले का?”

ताई, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला रात्री जागवत असणार. तुमची चूक झाली असं मला वाटत नाही. बायरॅड्सचे आकडे डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी ठरवलेले आहेत. प्रगतिपुस्तकात शून्य आलं तर काय समजायचं हे तुम्ही रोज मुलांना सांगता, पण या कागदावरचं शून्य कसं वाचायचं हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. काउंटरवर पाकीट देताना कोणी एक वाक्य बोललं असतं तर हे पत्रच आलं नसतं. मी अनेक वर्षं अशा फिल्म वाचण्याचं काम केलं आहे, आणि रिपोर्टमध्ये नुसता आकडा लिहून सही करण्याची घाई मीही केली आहे. त्याचं मला आज वाईट वाटतं.

तर ते शून्य. बायरॅड्स ही अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी वाचणाऱ्या डॉक्टरांच्या, संस्थेने ठरवलेली पद्धत आहे, भारतातही बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. तिच्यात ० ते ६ असे गट आहेत. १ म्हणजे सगळं नीट. २ म्हणजे काहीतरी दिसतंय, पण ते निश्चितपणे निरुपद्रवी आहे. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कॅन्सर असण्याची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी, तरी सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ म्हणजे शंका आहे, तुकडा काढून तपासायला हवा. हा गट फार मोठा आहे, शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, म्हणून त्याचे ए, बी, सी असे पोटभाग करतात. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त शंका. ६ हा आकडा ज्यांचं निदान आधीच झालेलं आहे त्यांच्यासाठी. आणि शून्य या रांगेत १ च्या खाली बसतच नाही, ते रांगेच्या बाहेर उभं आहे. शून्य म्हणजे ‘तपासणी अजून पूर्ण झालेली नाही, मला आणखी बघू द्या’. वाचणाऱ्या डॉक्टरने तुमच्याबद्दल मतच दिलेलं नाही, ते राखून ठेवलं आहे.

हे ऐकून छातीत धस्स होईल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगते. शून्य फार जणींना मिळतं. अमेरिकेत मॅमोग्राफी केलेल्या १०० जणींपैकी साधारण १० जणींना आणखी तपासण्यांसाठी परत बोलावतात, आणि त्या दहातल्या नऊहून अधिक जणींना कॅन्सर नसतो. कुठे दोन थर एकमेकांवर आल्यामुळे सावली पडलेली असते, कुठे पाण्याची साधी गाठ असते. तेव्हा धीर सोडू नका, पण आता आणखी वाटही बघू नका. येत्या आठ-दहा दिवसांत हे काम हातावेगळं करा.

आता घनतेचा ‘सी’ बघू, कारण सगळा गुंता तिथे आहे.

स्तनात चरबी असते आणि दूध बनवणाऱ्या ग्रंथी व त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. एक्स-रेत चरबी काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे. अडचण ही की कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. चरबी जास्त असेल तर काळ्या पाटीवर खडूने काढलेल्या ठिपक्यासारखी गाठ नजरेत भरते. ग्रंथी जास्त असतील तर तीच गाठ शोधणं म्हणजे ताकात पडलेलं भाताचं शीत शोधणं. घनतेचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार याच हिशेबाने केले आहेत. अमेरिकेतल्या बायकांमध्ये सुमारे ४० टक्के ‘सी’ आणि १० टक्के ‘डी’ असतात, म्हणजे निम्म्या जणी दाट गटातच येतात. हा आजार नाही. हात लावून दाटपणा कळत नाही, स्तन घट्ट आहेत की सैल याच्याशीही त्याचा संबंध नाही. वय वाढतं, पाळी जाते, तशी घनता बहुधा कमी होत जाते. मात्र दाटपणामुळे दोन गोष्टी होतात : गाठ झाकली जाऊ शकते, आणि कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राला ही घनता बाईला साध्या भाषेत लेखी कळवावी लागते, ते यासाठीच.

आणि म्हणूनच तुमच्या रिपोर्टमध्ये सोनोग्राफी सुचवली आहे. सोनोग्राफीला चरबी-ग्रंथींचा हा काळा-पांढरा घोळ आड येत नाही. ती आवाजाच्या लहरींवर चालते, आणि गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव आहे, हे तिथल्या तिथे दाखवते. जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या सुमारे ७३,००० बायकांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. फक्त मॅमोग्राफी केली तर १०० कॅन्सरपैकी ७७ सापडत होते, सोनोग्राफी जोडल्यावर ९१ सापडले. पण त्याचबरोबर ज्यांना काहीच नव्हतं अशा आणखी काही जणींना उगाच पुढच्या तपासण्यांना सामोरं जावं लागलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मग तुम्ही म्हणाल, आधीच सोनोग्राफी का नाही केली, मॅमोग्राफीचा त्रास कशाला? त्याचं कारण बारीक आहे, अक्षरशः बारीक. काही कॅन्सर अगदी सुरुवातीला, गाठ बनण्याच्याही आधी, दुधाच्या नळ्यांमध्ये असताना कॅल्शियमचे कण सोडतात. रव्याचे चार दाणे एका जागी सांडावेत तसे ते मॅमोग्राफीत दिसतात. सोनोग्राफीत हे कण बहुतेक वेळा निसटतात. शिवाय सोनोग्राफी ही करणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यांवर फार अवलंबून असते. म्हणजे एका तपासणीला जे दिसतं ते दुसरीला दिसत नाही. तुमच्या बाबतीत दोघींनी मिळूनच काम पूर्ण करायचं आहे.

इथे तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकापाशी थांबायला हवं. ‘एकच खात्रीची तपासणी सांगा’ असं तुम्ही लिहिलंत. मला समजतं ते. एका फेऱ्यात, एका रजेत, एका बिलात प्रश्न मिटावा असं कोणालाही वाटेल. पण अशी तपासणी आज जगात कुठेच नाही. मॅमोग्राफीतही साधारण आठातला एक कॅन्सर निसटतो, दाट स्तनांत त्याहून जास्त. एकीकडे काही दिसलं तर दुसरीला विचारायचं, दुसरीने शंका घेतली तर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, असं हे काम चालतं. साखळीतली मधली कडी सुटली की आधीची कितीही महागडी असो, ती फुकट जाते. तुमची मॅमोग्राफी चांगलीच झाली होती. तिच्या पुढची कडी राहिली.

तुमच्या पतींची काळजी खरी आहे. तुमच्यासाठी ते सगळ्यात मोठं यंत्र गाठायला निघाले आहेत. त्यांना माझा निरोप द्या की स्तनाचा एमआरआय खरोखरच फार तीक्ष्ण नजरेचा असतो. पालथं झोपवून, शिरेतून गॅडोलिनियमचं औषध सोडून, अर्धा-पाऊण तास चित्रं घेतात. दाबणं नाही, एक्स-रे नाही. ज्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष सापडला आहे, ज्यांना लहानपणी किंवा तरुणपणी छातीवर रेडिएशनचे उपचार झाले आहेत, अशांना मॅमोग्राफीच्या जोडीला दरवर्षी एमआरआय सुचवतात. नेदरलँड्समध्ये अत्यंत दाट, म्हणजे ‘डी’ प्रकारच्या बायकांवर त्याचा अभ्यास झाला. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उपटणारे कॅन्सर हजारी ५ वरून २.५ वर आले. पण या तीक्ष्ण नजरेला निरुपद्रवी गोष्टीही खूप दिसतात, आणि मग एकामागून एक तपासण्यांचा ससेमिरा लागतो. रव्याचे ते कण एमआरआयलाही थेट दिसत नाहीत. एक मावशी आणि ‘सी’ घनता एवढ्यावर पहिलं पाऊल म्हणून मी एमआरआयकडे जाणार नाही. सोनोग्राफी आणि नवीन मॅमोग्राफीनंतरही कोडं सुटलं नाही, तर डॉक्टर स्वतःच तो सांगतील. तेव्हा जरूर करा, आणि पाळी सुरू असेल तर सातव्या ते चौदाव्या दिवसात करा, चित्र स्वच्छ येतं.

शिबिरातल्या उष्णतेच्या कॅमेऱ्याबद्दल मला थोडं कठोर बोलायचं आहे. शिबिर भरवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हात लावायचा नाही, कपडे उतरवल्यावर फक्त कॅमेऱ्यासमोर बसायचं, किरणं नाहीत, दुखत नाही, म्हणून बायकांना ते आवडतं हेही मला कळतं. पण तो कॅमेरा त्वचेवरची उष्णता मोजतो. आत खोल काय आहे, हे त्याला दिसत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार बजावलं आहे की ही तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही आणि एकट्या तिच्यावर विसंबून राहू नये. तुमच्या हातात आज दोन कागद आहेत. एक म्हणतो ‘अजून बघायचं आहे’, दुसरा म्हणतो ‘नॉर्मल’. दुसऱ्याने पहिला खोडला जात नाही. तो शिबिराचा कागद फाईलमध्ये लावा, पण निर्णय त्याच्यावर घेऊ नका.

जाऊबाईंची भीती मी हसून सोडून देणार नाही, कारण ती अनेक घरांत आहे. एका वेळच्या मॅमोग्राफीत, दोन्ही स्तनांची प्रत्येकी दोन चित्रं धरून, साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट एवढा किरणांचा डोस मिळतो. माती, दगड, हवा, आकाश यांतून आपल्या प्रत्येकाला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक मॅमोग्राफी हा नुसतं घरात बसून मिळणाऱ्या दोन महिन्यांच्या किरणांचा हिशेब झाला. धोका अगदी शून्य आहे असं मी म्हणत नाही, म्हणून तर विशीतल्या मुलींची कारण नसताना मॅमोग्राफी करत नाहीत. पण चाळिशीनंतर पारडं स्पष्टपणे तपासणीच्या बाजूने झुकतं. आणि दाबल्याने गाठ होत नाही, असलेली पसरतही नाही.

दाबतात का, ते सांगते. तुम्ही मशीनसमोर उभ्या राहता. टेक्निशियन ताई स्तन खालच्या गार पट्टीवर ठेवतात, वरून पारदर्शक प्लास्टिकची पट्टी पायातल्या बटणाने हळूहळू खाली आणतात. तुम्ही ओठ घट्ट मिटता. “श्वास धरा” असा आवाज येतो, खट् असा एक बारीक आवाज, आणि पट्टी आपोआप वर उचलली जाते. काही सेकंदांचं काम. एकदा वरून खाली, एकदा तिरकं, असं दोन्ही बाजूंना. दाबून पातळ केल्यामुळे कमी किरणं पुरतात, हललेलं चित्र येत नाही, आणि आतले थर पसरून एकमेकांवरून बाजूला होतात. दुखतं, हे मी नाकारणार नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त दुखतं, म्हणून पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात जा. फारच दुखलं तर “ताई, थोडं थांबा” असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

जवळच्या मोठ्या शहरात थ्रीडी मॅमोग्राफी, म्हणजेच टोमोसिंथेसिस, मिळत असेल तर ती विचारा. साधी मॅमोग्राफी म्हणजे पोळ्यांची चवड वरून बघणं. थ्रीडीत नळी कमानीसारखी फिरत अनेक कोनांतून चित्रं घेते आणि संगणक त्यातून एकेक पोळी उचलून दाखवतो. थर एकमेकांवर पडून झालेली खोटी सावली त्यात बऱ्याचदा उलगडते. मिळाली तर उत्तम, नाही मिळाली म्हणून थांबू नका. डिजिटल मशीन तेवढी हवी. पन्नाशीच्या आतल्या आणि दाट स्तन असलेल्या बायकांत डिजिटल मॅमोग्राफी जुन्या फिल्मवरच्या पद्धतीपेक्षा सरस ठरते, हे २००५ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं आहे.

सासूबाईंच्या बोलण्यातला ‘दुखत नाही’ हा भाग मला सगळ्यात जास्त खुपला, कारण याच दोन शब्दांपायी मी उशिरा आलेल्या बायका पाहिल्या आहेत. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. पण ‘उगाच कशाला उकरायचं’ या म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे. तपासणीचे तोटेही असतात. ब्रिटनमध्ये तज्ज्ञांच्या एका स्वतंत्र समितीने २०१२ साली हिशेब मांडला होता. पन्नाशीपासून वीस वर्षं १०,००० बायकांना तपासणीला बोलावलं तर ४३ मृत्यू टळतात, पण १२९ जणींना असा कॅन्सर सापडतो जो आयुष्यभर त्यांना त्रासही देणार नव्हता, आणि त्यांच्यावर उपचार होतात. म्हणूनच किती वयापासून आणि किती वर्षांनी, यावर देशोदेशी मतभेद आहेत. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ गटाने २०२४ साली ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी असं सांगितलं. ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बोलावतात. ज्या निरोगी बाईने अजून तपासणी सुरूच केलेली नाही, तिने हा विचार शांतपणे करावा. तुमचं तसं नाही. तुमच्यात काहीतरी अर्धवट दिसलेलं आहे. उकरून झालं आहे, आता माती नीट सारखी करायची.

प्रत्यक्ष काय करायचं, ते सांगते. कपाटातली ती फाईल काढा. फिल्म किंवा सीडी असेल तीही घ्या, नुसता कागद पुरत नाही. सीडी नसेल तर त्या केंद्रात फोन करून मागा. शक्यतो त्याच केंद्रात जा. चौदा महिने झालेत, म्हणून नुसती सोनोग्राफी करून भागेल की नवीन मॅमोग्राफीही हवी, हे तिथल्या रेडिओलॉजिस्टना विचारा. माझ्या मते दोन्ही कराव्यात. ही साधी चाचपणी नाही, शंका फेडण्यासाठीची तपासणी आहे, हे काउंटरवर स्पष्ट सांगा, म्हणजे गरज पडली तर ते त्या एका जागेची मोठी करून, जादा कोनांतून चित्रं घेतील. त्या दिवशी आंघोळीनंतर काखेत आणि छातीवर पावडर, डिओडरंट लावू नका. टाल्कमचे कण फिल्मवर हुबेहूब त्या रव्याच्या कणांसारखे दिसतात. वर-खाली वेगळे होणारे कपडे घाला, मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवा.

जुन्या फिल्मचं मोल मी एका बाईंकडून शिकले. त्यांच्या नव्या फिल्मवर एक शंकास्पद ठिपका होता, आम्ही त्यांना शून्य दिलं होतं. दोन दिवसांनी त्या एक पिशवी घेऊन आल्या. आत लग्नाचा शालू आणि त्याच्या घडीत सपाट ठेवलेल्या सहा वर्षांपूर्वीच्या फिल्म. मुडपू नयेत म्हणून तिथे ठेवल्या होत्या. मी त्या दिव्याच्या पेटीवर नव्या फिल्मशेजारी लावल्या. ठिपका तेव्हाही तिथेच होता, तेवढाच, तसाच. सहा वर्षांत तो तसूभरही वाढला नव्हता. दहा मिनिटांत शून्याचं दोन झालं, आणि त्या बाई शालू पुन्हा घडी घालत रडल्या. तुमची चौदा महिन्यांपूर्वीची सीडी असंच काम करेल. जे वाया गेले असं तुम्हाला वाटतंय, त्या महिन्यांचाही वाचणाऱ्याला उपयोग होतो : काही बदललंय का, हे त्यातूनच कळतं.

सोनोग्राफीत भरीव गाठ दिसली आणि डॉक्टर सुईने तुकडा काढू म्हणाले, तर ‘सुई लागली की पसरतो’ हे वाक्य घरात कोणीतरी बोलणारच. ते खरं नाही. जागा बधिर करून जाड सुईने तांदळाएवढे दोन-चार तुकडे काढतात, घरी येऊन दुसऱ्या दिवशी शाळेत जाता येतं. बहुतेक तुकड्यांत कॅन्सर निघत नाही. आणि निघालाच तर उपचार कोणते द्यायचे, हे त्या तुकड्यावरूनच ठरतं.

मावशींबद्दल आणखी एक. ५८व्या वर्षी एकट्या मावशीला झालेला कॅन्सर हा तुमचा धोका थोडाच वाढवतो. बहुतेक रुग्ण बायकांच्या घरात आधी कोणालाच झालेला नसतो, त्यामुळे ‘आमच्यात नाही’ म्हणून निर्धास्त राहणंही बरोबर नाही. पण एकदा आईजवळ बसा आणि विचारा : नात्यात आणखी कोणाला, कितव्या वर्षी? अंडाशयाचा कॅन्सर कोणाला होता का? वडिलांकडच्या आत्या, आजी यांचंही विचारा. जनुक वडिलांकडूनही येतं, आणि नेमकं तेच विचारायचं राहून जातं. पन्नाशीच्या आत दोघी-तिघी निघाल्या तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. ही माहिती पुढे तुमच्या मुलीच्याही उपयोगाची आहे. आज तिची कसलीही तपासणी करायची गरज नाही.

हे सदर वाचणाऱ्या ज्या बायकांच्या गावात मॅमोग्राफीचं मशीनच नाही, त्यांच्याशीही दोन शब्द. आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची स्तनतपासणी प्रशिक्षित हातांनी करायची असं ठरलेलं आहे, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. हाताने होते म्हणून तिला कमी लेखू नका. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले : तपासलेल्या बायकांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढच्या गटात मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. आणि ज्यांना गाठ लागते आहे, त्वचेला खळी पडली आहे, बोंड आत ओढलं गेलं आहे किंवा एका बाजूने रक्तासारखं पाणी येतं, त्यांनी कसल्याही शिबिराची वाट न बघता सर्जनकडे जायचं, मागच्या महिन्यातली मॅमोग्राफी नॉर्मल असली तरी.

ताई, सोबत पतींना न्या, त्यांना काहीतरी करायचं आहेच. रेडिओलॉजिस्ट बाहेर आले की त्यांना दोनच प्रश्न विचारा, “आता बायरॅड्स कितवा?” आणि “मी पुन्हा कधी यायचं?” उत्तर तारखेसह फाईलच्या वरच्या पानावर पेनने लिहून घ्या. आणि झालं की मला कळवा, मी वाट बघते आहे.